किक की बटण

चंडीगड, रविवार, नोव्हेंबर २००२

आज शोरूममध्ये यांनी दोन्ही क्रूझर मोटरसायकली पुन्हा पाहिल्या. एक किकची, दुसरी बटणाची. बटण म्हणजे आळशांचं काम, हे यांचं लग्नापासूनचं मत. सेल्समनही म्हणाला, "किकवाली की आवाज सुनिए, सरजी."

यांनी किक मारली. गाडी सुरू झाली नाही. पुन्हा मारलीच नाही, हँडल धरून नुसते उभे राहिले. मग हळूच विचारलं, "वो बटनवाली कब मिलेगी?"

उन्हाळ्यात हृदयाचं ऑपरेशन झालं, पण अजून धाप लागते हे मला का सांगत नाहीत? मीच विचारायला हवं होतं का? पण तिथे, सेल्समनसमोर...

घरी येताना म्हणाले, "तुला कुठली आवडली?"

"बटणाची. रंग छान आहे."

दोन्ही काळ्याच होत्या.