कोण पहिला आणि कोणाचा नंबर कितवा

मंगळवार, सकाळ

चि. दीडशहाण्यास,
आशीर्वाद. तू मित्राकडे सुखरूप पोचल्याचं कळलं. जेवण वेळेवर मिळत असेलच, तुझं कधी अडलंय? आई बरी आहे. बाबांचं नंतर लिहिते. फोन करत नाही, कारण फोनवर तू मधे मधे अक्कल पाजळतोस.

हॉस्पिटलातल्या तुझ्या साहेबांनी ऑपरेशनचा क्रम लावणारा तुझा प्रोग्राम मला तपासायला दिला. म्हणाले, "ताई, तुम्ही याच कामातल्या. जरा बघा, चुकलंय कुठे?" पहिल्या पानावर तुझं नाव केवढ्या थाटात! पुढचं वाचून मान खाली गेली.

या खेपेला डोळ्यांच्या ऑपरेशनला चार जण होते, दिवसाआड एकाचं. यंत्र शून्यापासून मोजतं, म्हणून क्रमांक ० ते ३. कोण किती दिवस थांबू शकतो, ते डॉक्टरांनी लिहून दिलं होतं: ९, ४०, २, २०. तू ते चढत्या क्रमाने लावून यंत्राकडे क्रमांक मागितलेस. यंत्राने दिले २, ०, ३, १. म्हणजे आधी क्रमांक २ च्या माणसाला आत घ्या, मग ०, मग ३, शेवटी १. सरळ आहे ना? यंत्र सांगत होतं, पहिल्या जागी कोण, दुसऱ्या जागी कोण. तू वाचलंस, कोणाचा नंबर कितवा! त्यामुळे चाळीस दिवस आरामात थांबू शकणाऱ्या बाई सगळ्यात आधी आत गेल्या, आणि ज्याच्याकडे दोनच दिवस होते तो माणूस सगळ्यांच्या मागे बसला. नंबरच हवे होते तर आलेलं उत्तर तसंच पुन्हा एकदा चढत्या क्रमाने लावून क्रमांक मागायचे होते. एका ओळीचं काम.

वर साहेबांना सांगितलंस, "मी तपासलं होतं." काय तपासलंस? दोन नावं घालून पाहिलीस! दोघांची अदलाबदल कशीही वाचली तरी तीच निघते, गाढवा. तिसरं आणि चौथं नाव घालायला हात दुखत होते का?

आता बाबांचं. क्रमांक दोन बाबाच होते, हे तुला मी सांगायला नको. म्हणून तर पळालास. त्यांचा डावा डोळा गेला. पडदा सुटून फार दिवस झाले, आता काही करता येणार नाही, असं डॉक्टर काल म्हणाले.

आणि बाबा काय करतायत? पट्टी बांधून खाटेवर बसलेत आणि येईल त्या नर्सला सांगतायत, "माझा मुलगा इथेच कॉम्प्युटरवर आहे हो. मनात आणलं असतं तर मला पहिला नंबर दिला असता. पण नाही! बापाला शेवटी ठेवलं. वशिला नाही म्हणजे नाही." शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्यानेही तुझं कौतुक केलं. मी पाणी आणायच्या निमित्ताने बाहेर गेले. मला त्यांचा राग आला, तुझी किळस आली.

मी सांगणार नाही. साहेबांनाही गप्प राहायला सांगितलंय. हे तुझ्या तोंडूनच त्यांना कळलं पाहिजे. ते ओरडतील याची भीती असेल तर ती सोड. ते ओरडणार नाहीत. तुझ्या पाठीवर हात ठेवतील आणि म्हणतील, "होतं रे असं." ते ऐकायला ये.

पुढचा आशीर्वाद त्यानंतर,
ताई