मागं उरलेल्या पेशी

आई, ज्या रोगानं तू गेलीस, त्याच रोगाच्या पेशी मी आता प्रयोगशाळेत वाढवते. हे तुला पडेगावच्या आपल्या स्वयंपाकघरात बसून सांगायला हवं होतं, कारण तिथंच मी तुला नको ते बोलले होते. तुझ्या स्तनातली गाठ काढून, केमो संपून वर्ष झालं होतं. केस परत आले होते आणि तू औरंगपुऱ्यातल्या दुकानात पुन्हा ब्लाउज शिवायला जात होतीस. मग खोकला सुरू झाला, आणि फुप्फुसात तेच निघालं. रिपोर्ट घेऊन आपण घरी येतो, तू भाकरीचं पीठ मळायला बसतेस आणि मी ओरडते, "सांगत होते ना, मशीनवर बसू नको म्हणून! ऐकलं नाहीस, म्हणून परत आलं." तू परातीतलं पीठ गोळा करत राहतेस. "व्हय बाई, माझंच चुकलं." एवढंच. पुढं मावशी भेटायला आली, तेव्हा तिलाही तू तेच सांगितलंस, "लई दगदग केली म्या. पोरगी सांगत व्हती." मी दारातच उभी होते.

तुझं काही चुकलं नव्हतं. शिवणकामानं हा रोग परत येत नाही. अशा आक्रमक गाठीत थोड्या पेशी मूळपेशींसारख्या वागतात. औषधानं बाकीच्या मरतात, या दबून राहतात, आणि त्यांच्यातली काही जनुकं त्यांना पुन्हा पहिल्यापासून गाठ उभी करायला लावतात. ती जनुकं कुठली आणि ती बंद कशी करायची, हेच माझं काम. औषध अजून लांब आहे. तुझ्या वेळी तर यातलं मला काहीच ठाऊक नव्हतं, तरी केवढ्या ठामपणे बोलले मी!

आणखी एक आहे. हे कुठं पाठवायचं नाही, म्हणूनच लिहिता येतंय. गेल्या महिन्यात बशीतल्या पेशींना मी केमोचं औषध दिलं. जवळजवळ सगळ्या मेल्या. दहा दिवसांनी पाहिलं तर उरलेल्या पुन्हा वाढून त्यांचे गोल पुंजके झाले होते, आणि ज्या जनुकावर माझा संशय होता, तेच त्यांच्यात जोरात चालू निघालं. सोबत काम करणारी मुलगी ओरडली, "ताई, आलं की तुमचं!" मी तिला मिठी मारली, सगळ्यांना चहा सांगितला. हसत होते मी, आई. अर्धा कप संपल्यावर मला तू आठवलीस.