उपड्या पुंगळ्या

४ जाने.
डबा उघडला की बंदुकीच्या दारूच्या वासाबरोबर माझे पपा आठवणीतून घरात येतात. निवृत्तीनंतर आमचे हे काडतुसं घरीच भरायला शिकताहेत. रीतसर परवानगी आहे, पण हात नवा. कुंभारीच्या शेतात रानडुकरं घुसलीत. दत्तू गड्याचा फोन, "वैनी, शाळू पार झोपवलाय की! सायेब कवा येत्यात?"

५ जाने.
लहानपणी वैरागला पपा काडतुसं भरायला बसले की रेडिओ बंद. टेबलावर दारूचा एकच डबा. डोळ्यांवर चष्मा. काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या ट्रेमध्ये उपड्या; दारू पडली तरच सुलटी. शेवटी टॉर्चनं एकेकीत डोकावायचे, पातळी सारखी आहे ना. मगच छर्रे. टॉर्च धरायचा मान माझा. "बेबी, हलू नको हं."
ह्यांना सांगितलं.
"तुझ्या पपांचं सगळंच सोवळ्यातलं!"
ह्यांच्या पुंगळ्या सगळ्या उभ्याच.

८ जाने.
भरता भरता फोन आला. हे उठून गॅलरीत गेले. बराच वेळ हसणं. परत आले, ट्रेवर बोट फिरवलं, थबकले. पुन्हा भरायला लागले. आत न बघताच छर्रे घालून सगळ्या पुंगळ्यांची तोंडं बंद.
"कुठवर आला होता, आठवतंय?"
"आठवतं गं."
ह्या 'गं'वर माझा विश्वास नाही. एखाद्यात दारू दुप्पट पडली असेल तर बंदुकीची नळी फुटेल. ह्यांच्या गालाशी...

९ जाने.
चित्त नाही. नुसती ह्या खोलीतून त्या खोलीत. शाळेत शिवणाच्या तासाला एक टाका चुकला तरी सिस्टर अख्खी ओळ उसवायला लावायच्या. रडायचो, पण उसवायचो.
जेवताना हे म्हणाले, "आमटीत मीठ दोनदा पडलंय."
"घासाला कळलं तरी. काडतुसाचं कधी कळणार?"
रविवारी कुंभारीला जायचं ठरलंय म्हणे.

११ जाने.
सकाळी ह्यांनी स्वतःच काडतुसं काढली. चष्मा लावला. भरलेलं एकेक जपून उघडत गेले.
एकात दारू दुप्पट.
हे खुर्चीला टेकले. मी पाणी आणलं. ते तसंच राहिलं.

१२ जाने.
ट्रेमध्ये पुंगळ्या, सगळ्या उपड्या. हे समोर बसून आहेत. दारूचा डबा बंदच. दत्तूचा फोन स्पीकरवर, "सायेब, आज तरी?"
"बघतो."
टॉर्च माझ्या बाजूला सरकवून ठेवलाय. मी अजून उचललेला नाही.