तीनशे बारा वाक्यांची डिस्क

ता. ४ मार्च

चि. भाऊजींस,
अनेक उत्तम आशीर्वाद, वि. वि.

पाय कसा आहे? प्लॅस्टरच्या आत खाज सुटली तरी विणायची सुई घालू नका. तुम्ही घालणार, म्हणून आधीच सांगते. या वयात कंपनीच्या जिन्यावरून घसरलात ते घसरलात, आता निदान सहा आठवडे पडून राहायचं काम तरी नीट करा.

पत्र लिहितेय याला कारण आहे. घरात मोबाइल एकच, तो यांच्या खिशात. शेजारणीच्या फोनवरून बोलावं तर मधली भिंत पातळ. यांचा घसा गेला, कान शाबूत आहेत. हे त्यांच्या कानावर जायला नको आहे.

ऑपरेशनच्या आधीच्या आठवड्यात तुम्ही दोघा भावांनी बसून यांची तीनशे बारा वाक्यं यांच्याच आवाजात कॉम्प्युटरमध्ये भरून ठेवलीत. गेली चार वर्षं आमचा संसार त्यावरच चाललाय. स्वरयंत्र काढलं असं डॉक्टर म्हणाले, पण पडद्यावरची चौकट दाबली की कपाटावरच्या स्पीकरमधून हेच बोलतात, म्हणून मला ते कधी पुरतं पटलं नाही. आम्ही भांडतोसुद्धा त्यावर. मी तोंडाने, हे माउसने.

पंधरा दिवसांपासून डबड्यातून टक टक येतंय, गॅसचा लायटर पेटत नसला की करतो तसं. ‘चहा मिळेल का’ दाबलं तर काहीच नाही. मी आपली चहा देते, कप विसळते, आणि मग वरून आवाज येतो, चहा मिळेल का. परवा ‘तुझंच खरं’मधलं ‘खरं’ आलंच नाही, नुसतं ‘तुझंच’ म्हणून थांबलं. मला हसू आलं. यांनी परत दाबलं, परत दाबलं. तिसऱ्यांदा ‘तुझंच’ पण आलं नाही, तेव्हा माझं हसू थांबलं. मशीन जरा दमलंय, असं यांनी वहीत लिहून दाखवलं.

चौकातल्या कॉम्प्युटरवाल्याकडे भाजीची पिशवी घेऊनच गेले. त्याने लक्षणं ऐकून सांगितलं की हार्ड डिस्क चालली. काउंटरवर तीन डिस्का मांडल्या. एक मोठ्ठी, कॅमेऱ्यांच्या रेकॉर्डिंगसाठीची. एक चपटी, वहीच्या पुठ्ठ्याएवढी, आत म्हणे काहीच फिरत नाही. तिसरी खोक्याविना, जुनी पण तपासून घेतलेली, अगदी नव्यासारखी. भरवशाची कुठली म्हणून विचारलं तर म्हणाला, सगळ्याच. सगळ्याच भरवशाच्या असत्या तर तुमचं दुकान कसं चालतं, असं विचारून मी परत आले.

तर कुठली घेऊ ते कळवा. आणि आतलं यांचं बोलणं नव्या डिस्कमध्ये जातं का, तेही. खरं काय ते लिहा, मला सांभाळून घेऊ नका.

माया आहे तशीच राहू द्या.
तुमची वहिनी

ता. ९ मार्च

ती. वहिनींस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आत्ता मिळालं, आत्ताच कुरिअरने उत्तर पाठवतोय. हे हातात पडलं की चप्पल काढायच्या आधी कॉम्प्युटर बंद करा. दादा रागावला तर रागावू दे. ती टक टक म्हणजे वाचायची सुई चकतीवर जागा शोधतेय आणि तिला सापडत नाहीये. दर वेळी चौकट दाबली की ती पुन्हा धडपडते. तिच्यात थोडीच धडपड उरली असेल, ती वाक्यं उतरवून घ्यायला ठेवायची. एकदा बघू म्हणून चालू करायचं नाही.

आता डिस्क. कॅमेऱ्यांची घेऊ नका. ती रात्रंदिवस लिहीत राहायला बनवलेली असते, आपल्याला सतत लिहायचं नाही, जपायचं आहे. मोठ्या आकड्याला भुलू नका, दादाची सगळी वाक्यं कुठल्याही डिस्कच्या एका कोपऱ्यात मावतील. चपटी घ्या. तिच्यात फिरणारं काही नसतं, म्हणून झिजत नाही आणि धक्क्याला डरत नाही. पण तिचा एक दोष सांगायलाच हवा. ती जाते तेव्हा टक टक करत नाही, न सांगता जाते. म्हणून एकीवर भागणार नाही. सोबत एक साधी, फिरणारी, मध्यम आकाराची पण घ्या आणि तेच सगळं तिच्यातही ठेवा. इतकी वर्षं हेच काम करतोय, वहिनी, एकटीवर विसंबावं अशी डिस्क मी अजून पाहिलेली नाही. दोन्ही एकदम जात नाहीत, एवढंच खरं.

पाकीट तुमच्यासमोर फोडायला सांगा. वर छापलेली तारीख वाचा, वर्षाच्या आतली हवी. वॉरंटी पाच वर्षांची असेल तर बरं, पण तिच्यावर जाऊ नका. डिस्क गेली तर कंपनी डिस्क बदलून देते, दादाचं बोलणं देत नाही. आणि ती तिसरी, जुनी, नव्यासारखी, तिला हातही लावू नका.

दुकानदाराला सांगा की जुन्यावरून नव्यावर उतरवायचं आणि मध्ये अडलं तर थांबायचं, जबरदस्ती करायची नाही. मी तिथे असतो तर दोन तासांचं काम होतं. इथे पाय छताला टांगून पडलोय आणि पंखा मोजतोय. एकच आहे, तरी मोजतोय.

घरात सगळ्यांना माझी आठवण असू द्यावी.
आपला, भाऊजी

ता. १७ मार्च

चि. भाऊजींस,
अनेक उत्तम आशीर्वाद, वि. वि.

कॉम्प्युटर बंद केला. यांनी वहीत लिहिलं, हा संप आहे का? मग खरं सांगावं लागलं. दिवसभर हे खिडकीशी बसून होते. 

दोन्ही डिस्का घेतल्या. पाकिटं समोर फोडली, चष्मा लावून तारखा वाचल्या. दुकानदार म्हणाला की इतकी चौकशी लोक सून आणताना करत नाहीत. पण माणूस वाईट नाही. जुनी डिस्क त्याने पोरक्या पिल्लासारखी दोन हातांत धरली. मी स्टुलावर बसले. पडद्यावर एक हिरवी पट्टी भरत जाते, तिच्याकडे बघत होते. तिसऱ्या हिश्शाला येऊन ती थांबली. आतून करवतीसारखा आवाज आला, मग तोही बंद. त्याने तुमच्या सांगण्याप्रमाणे जबरदस्ती केली नाही. केली असती तर, असं मला आता सारखं वाटतं.

सत्त्याण्णव वाक्यं आली. पण कुठली, ते ऐका. ऑपरेशननंतर पुन्हा मोटार शिकवायला जाऊ अशी यांची समजूत होती ना, म्हणून तुम्ही सगळ्यात आधी शिकवणीची वाक्यं भरली होतीत. ती जवळजवळ सगळी आली. ‘क्लच हळू सोड’, ‘आरशात बघ’, ‘ब्रेक, ब्रेक, ब्रेक!’ घरातली वाक्यं मागून भरली, ती गेली. ‘अगं ऐकतेस का’ गेलं, ‘झोप आता’ गेलं. नवी डिस्क इतकी झटपट चालते की बोट लागायच्या आत बोलते. काल मी दूध उतू घालवलं तर हे धावत जाऊन ‘ब्रेक, ब्रेक, ब्रेक!’ लावून आले. दोघंही हसलो. मग हे न्हाणीघरात गेले आणि नळ सोडून बराच वेळ आत राहिले.

अशा डिस्का उघडून बघणारी एक प्रयोगशाळा आहे म्हणे, दुकानदाराने पत्ता दिलाय. पाठवू का? आणि एक सुचलं. तुमचा आणि यांचा आवाज अगदी एक. सासूबाईसुद्धा फोनवर फसायच्या. राहिलेली वाक्यं तुम्ही बोलून पाठवाल का? यांना विचारलं नाही. धीर झाला नाही.

जीव लावता तसाच लावत राहा.
वहिनी

ता. २२ मार्च

ती. वहिनींस,
सा. न. वि. वि.

डिस्क प्रयोगशाळेत पाठवाच, पण आशा धरून नको.

खरं लिहा म्हणाला होतात, म्हणून लिहितो. ती डिस्क मी नवी आणली नव्हती. आमच्या कंपनीने मशीनं बदलली तेव्हा भंगारात निघालेल्यांतली होती. पाच वर्षं अखंड चाललेली. मी तपासली, ठीक वाटली, आणि दादाला सांगितलं की अगदी नव्यासारखी आहे. तुमच्या पत्रात दुकानदाराच्या तोंडी तेच शब्द वाचले आणि पत्र पालथं घालून ठेवलं.

पुढचं याहून वाईट. सगळी वाक्यं नखाएवढ्या पेनड्राइव्हमध्ये मावली असती. मोबाइलमध्येही घालून देतो म्हणालो होतो. पुढच्या खेपेला, असं म्हणत चार वर्षं घालवली. तुमच्याकडे पाच वेळा आलो, पाचही वेळा जेवून झोपलो. दुसऱ्यांच्या डिस्का सांभाळायचा पगार घेतो मी, वहिनी.

सोबत पेनड्राइव्ह आहे. चाळीस वाक्यं बोललोय. बायकोला खोलीबाहेर बसवलं, मोबाइल तोंडाशी धरला. दादा बोलायचा तसं, शेवटचा शब्द जरा ओढून. बोलताना मला माझीच भीती वाटली. लावा, नाहीतर फेकून द्या.

रागवा, पण लिहिणं सोडू नका.
भाऊजी

ता. २ एप्रिल

चि. बारक्यास,
अ. उ. आ.

हिने तुझी सगळी पत्रं मला दाखवली. तुम्ही दोघं माझ्याबद्दल मी मेल्यासारखं लिहिता.

प्रयोगशाळेतून डिस्क परत आली. आतल्या चकत्यांवर ओरखडे आहेत, काही निघणार नाही, असं सोबतच्या कागदावर लिहिलंय. चार ओळी आहेत, सभ्य आहेत. तो विषय संपला.

भंगाराचं म्हणशील तर मला तेव्हाच माहीत होतं. डिस्कवर तारीख छापलेली असते आणि मला वाचता येतं. तेवीस वर्षं लोकांना मोटार शिकवली, जुनी गाडी मी नुसत्या रंगावरून ओळखतो. तू नव्यासारखी म्हणालास तेव्हा माझा घसा जागेवर होता, आणि तरी मी बोललो नाही. धाकटा भाऊ रजा काढून आलाय, त्याला कशाला खजील करा, असं वाटलं. म्हणजे अर्धी चूक माझी. उरलेल्या अर्धीसाठी पाय बरा झाल्यावर ये आणि आमचं न्हाणीघर रंगवून दे.

आता तुझी चाळीस वाक्यं. ही देवळात, चुकलो, ही बाजारात गेली असं समजून मी ती दोन्ही डिस्कांवर घेतली आणि लावली. ‘अगं ऐकतेस का’ लागलं, आणि आतल्या खोलीतून ही ‘आले’ म्हणाली. नेहमी म्हणते तशीच, लगेच. हात पुसत दारापर्यंत आली. बारक्या, मी इतका चिडलो नव्हतो कधी, ऑपरेशनच्या दिवशीसुद्धा नाही. तुझ्यावर नाही, तिच्यावर नाही. कोणावर ते मलाही सांगता येत नाही. तुझी वाक्यं पुसून टाकली. दोन्ही डिस्कांवरून पुसली. तू इतकी नीट बोलला होतास, म्हणूनच पुसली.

पायावर जोर देऊ नकोस. तुझ्या बायकोला आशीर्वाद.

आहे तो लोभ ठेव, नवा नको.
तुझा दादा

ता. २० एप्रिल

चि. भाऊजींस,
अनेक उत्तम आशीर्वाद, वि. वि.

प्लॅस्टर निघालं हे वाचून बरं वाटलं. काठी वापरायला लाजू नका.

इकडची हकिगत अशी. गेल्या आठवड्यात हे मला न सांगता दवाखान्यातल्या त्या बोलायला शिकवणाऱ्या बाईंकडे गेले. चार वर्षांपूर्वी बाईंनी घशाला लावायचं एक यंत्र दाखवलं होतं. टॉर्चएवढं असतं, गळ्यावर दाबून ओठ हलवायचे, की ते गुणगुणतं आणि त्याचे शब्द होतात. तेव्हा यांनी ते त्यांच्या टेबलावर परत ठेवलं होतं. या वेळी स्वतः मागून घेतलं. चार दिवस तिथे जाऊन सराव केला. मला बाजारात जातो म्हणून सांगायचे, आणि पिशवी रिकामी परत यायची. मी विचारलं नाही.

शनिवारी दुपारी मी मागच्या बाजूला कपडे वाळत घालत होते. घरातून कोणीतरी हाक मारली. भाऊजी, तो आवाज कसा ते कसं सांगू? डब्यात माशी अडकावी तसा, एका सुरात, ना चढ ना उतार. मला वाटलं, मीटर बघायला माणूस आलाय. ओले हात घेऊन पुढच्या दारापर्यंत गेले, कडी काढली. जिन्यात कोणी नव्हतं. कोण आहे म्हणून मी मोठ्याने विचारलं. मागून उत्तर आलं, की मीच आहे.

हे आतल्या खोलीच्या मध्यभागी उभे होते, यंत्र गळ्याला लावून. इस्त्रीचा सदरा घातला होता.

दार लावून घेतलं. मग हे काहीतरी लांबलचक बोलले. मला एक शब्द कळला नाही. पुन्हा सांगा म्हटलं. पुन्हा सांगितलं. तरी नाही. तिसऱ्या वेळी मी मान हलवली, कळल्यासारखी. तेवीस वर्षं नवशिके शेजारी बसवलेला माणूस, न कळता मान हलवणारे त्यांना लांबूनसुद्धा ओळखू येतात. त्यांनी यंत्र खाली घेतलं. मी काय करणार होते? ऐकू येत होतं, समजत नव्हतं, आणि तो आवाज यांचा आहे हे मला पटत नव्हतं. अजून पटत नाही. सवय होईल असं बाई म्हणतात, कधी ते त्यांनाही सांगता येत नाही.

मग यांनी खुर्ची ओढली, मला बसवलं, यंत्र परत गळ्याला लावलं, आणि एकेक शब्द सुटा करून पहिल्यापासून सांगायला लागले.

आमच्याकडचं हे असं आहे. तुम्ही या, तोवर आठवणीत ठेवा.
तुमची वहिनी