इन्स्पेक्टरांसाठी अळ्या

२ मार्च, सकाळ
लेकीचा फोन. आईचे इन्स्पेक्टर येतात का, विचारत होती. येतात म्हणालो. रोज. (ही गेल्यापासून एकदाही फिरकलेले नाहीत.)
इन्स्पेक्टर म्हणजे काळा-पांढरा दयाळ पक्षी. ही मागच्या अंगणात खुरपी घेऊन बसली की तो कुंपणावरून खाली उतरायचा, शेपटी वर करून, तपासणीला आल्यासारखा. नाव हिनेच ठेवलेलं.
लेक तेवीसला येणार. तोवर पक्षी परत आणणे. यात भावनेचा काही संबंध नाही. हा निव्वळ पक्षीशास्त्राचा प्रश्न आहे.

४ मार्च
वाचन पूर्ण. या पक्ष्यांचा मीलवर्मवर, म्हणजे कोंड्यात वाढणाऱ्या पिवळ्या अळ्यांवर, फार जीव असतो. शोभेच्या माशांच्या दुकानातून डबाभर आणल्या. फ्रिजमध्ये ठेवायच्या, म्हणजे टिकतात. दुकानदाराने विचारलं, घरी कोण आहे, मासा की कासव? कोणी नाही म्हणालो. त्याने मूठभर कोंडा फुकट दिला.

५ मार्च
अळ्या ठेवायच्या ट्रेचं ड्रॉइंग केलं. प्लॅन, एलेव्हेशन, सेक्शन. पाणीपुरवठा खात्यात आयुष्यभर पाइपलाइनी काढल्या, ट्रेची काय कथा. खांबावर बसवला.
खरी जागा गुलाबाच्या वाफ्यात होती. पण तिथे हिची खुरपी मातीत रोवलेली आहे, दवाखान्यात नेलं त्या दिवशी राहिली तशी. हलवलेली नाही. गंजलीये, हाताला लागेल. एवढंच कारण. माती दगड झाली आहे, ते नंतर बघू.

६ मार्च
कावळे. अर्धा डबा खलास. सुरुवातीचा प्रतिसाद उत्तम म्हणायचा.

८ मार्च
ट्रेला जाळी ठोकली. कावळ्यांना आत जाता येत नाही. दुपारी लक्षात आलं, कोणालाच जाता येत नाही. ड्रॉइंग बरोबर आहे. जाळी चुकीची मिळाली.

११ मार्च
मेव्हणी आली होती. चहाला दूध काढताना तिने भलताच डबा उघडला. किंकाळी. भावजी, हे हलतंय, म्हणाली. थंडीत हलायला नको खरं तर, म्हणालो, फ्रिज दाखवून घ्यायला हवा. त्यावर म्हणाली, ताई असती तर तुम्हालाच डब्यासकट बाहेर काढलं असतं. दोघंही खूप हसलो. मग ती रडायला लागली. मी चहाचं बघायला ओट्याकडे गेलो.
डबा बेडरूममध्ये हलवला. हिच्या बाजूचं टेबल तसंही रिकामं होतं.

१३ मार्च
अळ्यांना गाजर आवडतं. खाताना बारीक कुरकुर ऐकू येते. खोलीत आवाज असला की झोप बरी लागते. नोंद प्रयोगाच्या दृष्टीने.

१६ मार्च
आज जाळी काढली, पण ट्रेमध्ये एकही अळी ठेवली नाही. डब्यातली एक गाजर दिसलं की डोकं वर करते. तिला वगळायचं ठरवलं. मग बाकीच्यांवर अन्याय नको. प्रयोगाला विश्रांती.

१९ मार्च
सगळ्या आखडून पांढऱ्या पडल्या. हलत नाहीत. गेल्या.
जेवलो नाही. भूक नव्हती, सकाळचा नाश्ता जड झाला असावा.
नंतर: वाचून खात्री केली. मेलेल्या नाहीत, कोशात गेल्या आहेत. ओट्यापाशी उभ्या उभ्या दोन वेळचं जेवलो.

२२ मार्च
लेकीला खरं सांगून टाकायचं ठरवलं. फोन लावला. म्हणालो, इन्स्पेक्टर मजेत आहेत, तू येतेस हे त्यांच्या कानावर घातलंय.

२३ मार्च
लेक आली आणि चहाही न घेता थेट मागे गेली. ट्रे बघून म्हणाली, बाबा, इथे अपघात झालाय का? ड्रॉइंग दाखवलं. ड्रॉइंग छान आहे म्हणाली.
मग तिने खुरपीला हात घातला. राहू दे, गंजलीये, म्हणालो. जरा मोठ्याने म्हणालो असेन. तिने हात काढला नाही. मग म्हणाली, आईने हा वाफा बघितला असता तर तुमची धडगत नव्हती. खुरपी तिला निघेना. शेवटी मीही हात लावला. निघाली. हाताला काही लागलं नाही.
पाणी घालून अर्धा वाफा खणला. माती उलटली तशी खालून गांडुळं वर आली. आणि कुंपणावरून तो उतरला. शेपटी वर. माझ्या चपलेपाशी येऊन एक गांडूळ उचललं. ट्रेकडे ढुंकून पाहिलं नाही.
लेकीने विचारलं, रोज येतात ना? रोज, म्हणालो. तिने खुरपीची माती झटकली. मग खुरपी माझ्या हातात देऊन म्हणाली, सावकाश खणा बाबा, मुळं तुटतील.

२७ मार्च
लेक काल गेली. सकाळी उरलेला वाफा खणायला बसलो. इन्स्पेक्टर आले, गांडूळ घेतलं, माझं काम पाहिलं आणि निघून गेले. पसंत पडलेलं दिसलं नाही. उद्या परत बसतो.
कोशांतून काळे भुंगे निघाले आहेत. हे पक्ष्यासाठी आणलेले नाहीत, असं आता धरून चालायचं. आज फक्त गाजर आणायचं आहे.