‘तिले सांगू नका’

प्रिय नसीमआपा,

तुम्हाला जाऊन चार महिने झाले. लिहायला बसले ती आज, कारण संतापाने घरात कोणाशी नीट बोलता येत नाहीये. तुम्ही असतात तर तडक अकोल्याची बस धरली असती!

खुणांची भाषा आणि दुभाष्याचं काम, दोन्ही मला तुम्हीच शिकवलंत. अकोल्याच्या कोर्टातला तो दिवस आठवतो? आपण ज्याच्यासाठी खुणा करत होतो, त्या कर्णबधिर साक्षीदाराला एकाने शिवी घातली. मला लाज वाटली, मी खुणा करताना ती गाळली. व्हरांड्यात तुम्ही मला धरलंत. "शिवी त्याले देली होती, तू काहून खिशात ठेवली? त्यानं काय ऐकावं हे ठरवनारी तू कोन?"

मागच्या महिन्यात इथल्या राजापेठेजवळच्या एका खासगी दवाखान्यातून दुभाषी म्हणून बोलावणं आलं. दर्यापूरकडची सुनीता, चोवीस वर्षांची, कर्णबधिर. सोबत भाऊ. तिची गर्भपिशवी काढायची होती. आजार? काही नाही! तिच्या पाळीची घरच्यांना कटकट!

भाऊ म्हणाला, "मॅडम, तिले पिशवीचं सांगू नका. गाठ काढून राहिले म्हना, अन् सही घ्या."

डॉक्टर घड्याळ बघत म्हणाले, "तेवढंच सांगा."

जिच्या पोटावर सुरी चालणार, तिलाच सांगायचं नाही!

माझे हात क्षणभर थांबले, आपा. खोटं कशाला बोलू? मग मी दोघांना म्हटलं, "इथे बोललेलं सगळं मी तिला सांगणार. हेही." आणि सांगितलं. पिशवी, गाठ, ‘सांगू नका’, सगळं.

सुनीताने खुणेने विचारलं, "म्हणजे मूल कधीच नाही?" तिचा प्रश्न मी डॉक्टरांना विचारला. त्यांना "नाही" म्हणावंच लागलं. तिने पेन भावापुढे आपटला.

"तुमाले हात हालवाले बोलावलं होतं, घर मोडाले नाही!" भाऊ ओरडला. दवाखान्याने दुभाष्यांच्या यादीतून माझं नाव काढलं. ओळखीचे म्हणतात, वैशाली, जरा गोड करून सांगायचं होतंस. गोड? यात काय गोड करायचं होतं?

रागावू नका, पण यानंतर किती एकटं पडायला होतं हे तुम्ही कधीच बोलला नाहीत. तुम्हालाही असं काढून टाकलं होतं का कोणी? त्या दिवशी घरी येऊन काय केलंत?

काल सुनीता एकटीच आली. आता मामीकडे राहते. उद्या सरकारी अधिकाऱ्यापुढे भाऊ आणि डॉक्टरांविरुद्धच्या तिच्या तक्रारीची सुनावणी आहे, दुभाषी म्हणून मी यावं असा हट्ट. मी नाही म्हटलं. जे घडलं त्याची मी साक्षीदार आहे. तिच्या बोलण्यात माझा राग मिसळला तर तिचंच नुकसान. ती रुसली. मी तरी बधले नाही. तुमच्याच हाताखाली शिकलेली शबाना येतेय अकोल्याहून दुभाषी म्हणून.

आपा, वचन देते. शबाना बोलत असताना मी हात मांडीवरून उचलणार नाही. आणि माझं नाव पुकारलं की उभी राहून, त्या डॉक्टरांच्या तोंडावर, माझ्या स्वतःच्या आवाजात सगळं सांगेन.

तुमची,
वैशाली