तो हॉली फर्न नव्हता

अहो,

एका घरात चाळीस वर्षं राहिलो, तुम्हाला पत्र लिहायची वेळच कधी आली नाही. आज लिहितेय, कारण तीन आठवडे टेबलावर एक फॉर्म पडलाय आणि तो पाठवू की नको, हे विचारायला दुसरं कोणी नाही. आणि खरं सांगू? मी दमलेय.

गेलं वर्षभर मी जिथून तिथून तुमचं नाव काढतेय. काउन्सिल टॅक्स, गॅस, गाडी, बँक, लायब्ररीचं कार्डसुद्धा. दर वेळी फोनवर अर्धा तास ते संगीत ऐकायचं, मग पलीकडची मुलगी हळू आवाजात सॉरी म्हणणार आणि लगेच तुमची जन्मतारीख विचारणार. मला वाटलं होतं, एका ठिकाणी तरी तुमचं नाव कोणी काढायला सांगणार नाही. लेक डिस्ट्रिक्टच्या रानटी झाडांची ती यादी, तिथली हौशी मंडळी ठेवतात ती. त्यात हॉली फर्न या दुर्मिळ नेच्यापुढे एका कड्याचं नाव आणि त्याच्यापुढे तुमचं. डॉ. वसंत, नॉटिंगहॅम.

किती मिरवलंत हो त्या नेच्याला! रिटायर होईपर्यंत घरातल्या तुळशीला पाणी घालायचं तुमच्या लक्षात राहत नव्हतं आणि नंतर एकदम नेच्यांचं वेड लागलं. फूल नाही, फळ नाही, वास नाही, तरी ओळखायचं, यातच मजा आहे म्हणायचात. मंडळाच्या गणपतीत लोक मसालेभाताच्या रांगेत उभे आणि तुम्ही त्यांना सांगताय की हा नेचा फक्त उंच डोंगरावर, चुन्याच्या खडकाच्या फटीत होतो, हिमयुगापासून इथलाच आहे. लोक ताट घेऊन दुसरीकडे बसायचे. मला लाज वाटायची.

आणि तो पहिल्यांदा दिसला कुणाला? मला. त्या कड्यापाशी थर्मासमधून चहा ओतताना मीच म्हटलं, हे बघा, इथे काहीतरी काटेरी आहे. तुम्ही गुडघ्यावर बसलात, भिंग लावलंत आणि दोन मिनिटांत नाव सांगून मोकळे. नोंदीत मात्र एकच नाव गेलं. तेव्हा राग आला होता. आता वाटतं, माझं नाव नाही गेलं ते बरं झालं.

कारण जूनमध्ये यादी सांभाळणाऱ्या मार्गारेटबाईंचा ईमेल आला. जुन्या नोंदी पुन्हा तपासताहेत, फोटो आहे का? मी तुमच्या कॉम्प्युटरवरून शोधून पाठवला. त्यांचं उत्तर फार सांभाळून लिहिलेलं होतं. एकदा जागेवर जाऊन बघू या, तुम्ही याल का?

गेले. ऑगस्टात, दोन काठ्या घेऊन. गुडघ्यांचं काय झालं ते विचारू नका. बाई माझ्याच वयाच्या, पण शेळीसारख्या चढतात. कपारीपाशी पोचल्यावर त्यांनी मला भिंग दिलं आणि म्हणाल्या, "मी काही बोलत नाही. तुम्हीच बघा."

नेचा तिथेच होता, पण चांगला हातभर वाढला होता. हॉली फर्नला मधल्या देठाच्या दोन बाजूंना साधी, अखंड, काटेरी पानं असतात. याच्या प्रत्येक पानाची पुन्हा लहान लहान पानं झाली होती. बाईंनी मग सगळं समजावलं. हा शील्ड फर्न. खाली ओढ्याकाठी शेकड्यांनी सापडतो. फक्त लहान असताना त्याची पानं अखंड असतात आणि तेव्हा तो हुबेहूब हॉली फर्नसारखा दिसतो. ओळखायचं कसं? पान उलटून बघायचं. पाठीमागे बीजाणूंचे तपकिरी ठिपके नसतील तर समजायचं की हे अजून मोठं झालेलं नाही, नाव ठेवायची घाई करू नका. तुमच्या फोटोत पान सरळ आहे. तुम्ही ते उलटलंच नव्हतंत.

अहो, तुम्ही लहान मुलांचे डॉक्टर! मूल म्हणजे मोठ्या माणसाची छोटी आवृत्ती नव्हे, असं ज्युनिअर डॉक्टरांना ऐकवत आयुष्य गेलं तुमचं. आणि एवढंसं पिल्लू बघून तुम्हाला ते दुसऱ्याच घराण्यातलं म्हातारं माणूस वाटलं? मी तिथे खडकावर बसून हसले. मग रडू आलं. मार्गारेटबाई बिचाऱ्या सँडविच काढून उभ्या राहिल्या आणि निघताना नोंद दुरुस्त करायचा फॉर्म देऊन गेल्या.

निखिलला हॅरोला फोन केला. तो म्हणाला, "आई, जाऊ दे ना. बाबांचा नाव तिथे राहिला तर हू इज इट हर्टिंग?" मलाही तेच हवं होतं. कुठेतरी तुम्ही बरोबर असलेले राहावेत. त्या यादीत तुमचं दुसरं काही नाही, ही नोंद गेली की तुम्ही तिथूनही गेलात.

पण रोज तो फॉर्म बघितला की मला तुमच्या पहिल्या हॉस्पिटलमधला तो मुलगा आठवतो. तुम्ही दमा म्हणालात आणि निघाला श्वासनळीत अडकलेला शेंगदाणा. दुसऱ्या डॉक्टरने शोधला, मुलगा बरा झाला, कोणी तुम्हाला विचारायलाही आलं नव्हतं. तरी तुम्ही आईबापांना बोलावलंत आणि मी चुकलो म्हणून सांगितलंत. त्या संध्याकाळी ताट सरकवलंत आणि मी उगाच ओरडले की कशाला जायचं होतं सांगायला. तुम्ही म्हणालात, "फाइलमध्ये चुकीचं राहिलं असतं ना."

एवढं काल लिहिलं आणि रात्री फॉर्म पाठवून दिला. ओळखलेली जात या रकान्यात शील्ड फर्न लिहिलं. शेरा लिहायला जागा होती, तिथे लिहिलं, माझ्या मिस्टरांची चूक झाली होती, ते असते तर त्यांनी स्वतः कळवलं असतं. मग भांडी घासली आणि झोपून गेले.

शनिवारी तुमचं वर्षश्राद्ध. निखिल, सूनबाई, मंडळातले सगळे येतील. वर्षभर मी भेटेल त्याला सांगत आलेय की तुम्ही कधी चुकला नाहीत, कधी आवाज चढवला नाहीत. माणूस गेलं की जीभ अशीच चालते. पण ते तुम्ही नव्हतात. डोंगर पुन्हा चढेन असं वचन मी देत नाही, गुडघे ऐकत नाहीत. एवढंच देते, की यापुढे तुमच्याबद्दल खरं तेच सांगेन. हट्टी होतात, घाईचे होतात, दुसऱ्याने शोधलेल्यावर आपलं नाव घालायचात, आणि चुकलात की आपल्या पायाने जाऊन सांगायचात. या वेळी तुम्हाला जाता आलं नाही, म्हणून मी जाऊन आले.

तुमची,
सुमन